मामीची फ्रेंच आणि सोयाबीनची पोती

फ्रेंच साम्राज्याशी अजूनही लढणारी जगातली शेवटची व्यक्ती चिखली तालुक्यात अमडापूरला राहते, आणि ती माझी मामी आहे. ते साम्राज्य संपलं हे तिला मान्य आहे. त्याला जाब विचारून झाला, हे मान्य नाही. तिचे वडील पुदुच्चेरीला पोस्टात होते. तिथल्या शाळेत ती फ्रेंच शिकली आणि लग्न होऊन आमच्या गावात आली ती डोक्यात एक अख्खी परकी भाषा घेऊन. पुढे कितीतरी वर्षं ही भाषा तिने म्हशीशी बोलून टिकवली. मामा गेल्यावर मात्र वाचनालयाची मागची रिकामी खोली तिने ग्रामपंचायतीकडून मागून घेतली आणि गावातल्या पोरांना फ्रेंच शिकवायला बसली. फुकट! "फ्रेंच शिकून सोयाबीनले भाव येणार हाय काय?" असं पारावर कोणीतरी विचारलं. "नाही येणार," मामी म्हणाली, "पण भाव कोण पाडते, हे इचारायची सवय तं लागन!"

लहानपणापासून मी चळवळीची पत्रकं वाचत आलो, थोडीफार लिहिलीही. पण त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा दारातच थबकलो. जुन्या क्रमिक पुस्तकातला भूतकाळाचा धडा मामीने पहिल्याच वाक्यावर अडवला होता. "पॉल बाजारात गेला. बरं. मंग? तिथं त्यानं कोणाची जागा घेतली?" आमच्या आठवडी बाजारात हा प्रश्न शेंबड्या पोरालाही कळतो. कोपऱ्यात एवढी टोपली ठेवू दे भाऊ, म्हणत माणूस येतो. पुढच्या बाजारी ताडपत्री अंथरतो. आणि दिवाळीपर्यंत मूळचा भाजीवाला नालीच्या काठावर बसलेला असतो. मामीने हा बाजारच वर्गात आणला. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर सगळा वर्ग, आणि एक पोट्टं टोपली घेऊन आलेलं कंपनी सरकार. फ्रेंचमध्ये म्हणायचं: तो आला, त्याने विचारलं, त्याने घेतलं. दर बरोबर क्रियापदाला त्याने हातभर पुढे सरकायचं. बाकीचे भिंतीला टेकले की सगळ्यांनी मिळून एकच वाक्य ठोकायचं, "नू-झाव्हाँ दी नाँ!" म्हणजे आम्ही नाही म्हणालो! वरचे टिन थरथरायचे. याच ताडपत्रीवर पोरांनी पुदुच्चेरी पाहिली, व्हिएतनामचं रबर पाहिलं. सेनेगलमध्ये लोकांना भुईमूग पेरायला कसं भाग पाडलं हे कळल्यापासून अमडापुरातलं एकही पोर भाजलेल्या शेंगा निमूटपणे खात नाही.

कर्त्याशिवाय क्रियापद मामी खपवून घेत नाही. दूध सांडलं, काच फुटली, रस्ता खचला, असं तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. लाईन गेली म्हटलं की, "गेली म्हंजे? तिले पाय हायेत काय? कोणी बंद केली ते सांग!" लाइनमन तिच्या गल्लीतून जाताना गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

अशा या बाईला जिंकलं ते तिच्या सख्ख्या दिराने. धाकटे मामा सोयाबीनचे व्यापारी. मामा गेल्यापासून रोज संध्याकाळी चहाला यायचे, फार बोलायचे नाहीत, पण यायचे. त्या घरात दुसरा कप त्यांच्यासाठीच निघायचा. एक दिवस ते म्हणाले, "वहिनी, गोडाऊन भरलं. चार दिवस पोती ठेवू काय तुमच्या खोलीत? कोपऱ्यात." आणि साम्राज्यांची कर्दनकाळ म्हणाली, "ठेवा न भाऊजी, घरचंच हाय."

पोती कोपऱ्यातून फळ्यापर्यंत आली. वर्ग ओसरीवर आला, मग पायऱ्यांवर. निम्मी पोरं गळाली. मामी पायऱ्यांवर उभी राहून अल्जीरिया शिकवत होती, त्वेषाने, "पाह्यलं न कसे आत शिरले?" म्हणत. तेवढ्यात सातवीतली प्रांजल उठली आणि दारातून दिसणाऱ्या पोत्यांकडे बोट करून म्हणाली, "इल ए व्हनी." तो आला. मागून दुसरं पोर, "इल आ द्मांदे." त्याने विचारलं. "इल ए रेस्ते." तो राहिला. मामीच्या हातातला खडू थांबला. आणि नेमके त्याच वेळी धाकटे मामा आणखी पोती घेऊन टेम्पोतून उतरले.

"काय म्हणून राह्यले बे हे पोट्टे? वहिनी, कोणाबद्दल हाय हे?"

कविता म्हणून राह्यले, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी पायऱ्यांवर पोरांच्या मागे बसलो होतो. वर्ग जाणार, नाहीतर दीर. मामीचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"तुमी आले, भाऊजी. तुमी चार दिवस मांगतले. अन् तुमी राह्यले."

"नू-झाव्हाँ दी नाँ!" पोरं गरजली. त्याचं भाषांतर कोणी मागितलं नाही.

"घरच्या माणसाले असं?" एवढंच म्हणून धाकटे मामा टेम्पोत बसले. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली. गळालेली पोरं परतली, ताडपत्री पुन्हा अंथरली गेली, (कोणी अंथरली? मी अंथरली, मामी!) आणि मी गावभर विजयाच्या गोष्टी सांगत हिंडलो. संध्याकाळी मामीने सवयीने दोन कप मांडले. धाकटे मामा आले नाहीत. पुढेही आले नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांची नात वर्गात दाखल झाली. आजोबा तिला गाडीवर आणून सोडतात आणि वर्ग सुटेपर्यंत समोरच्या कडुलिंबाखाली उभे राहतात. उंबऱ्याकडे येत नाहीत. मामी त्यांच्यासाठी थर्मासमधला चहा कपात ओतून खिडकीत ठेवते. परवा मी म्हणालो, "मामी, झालं आता. बोलव न आत."

"थांब," ती हळूच म्हणाली. "एवढा इतिहास शिकवला, पण दाराबाहेर उभं राहून बोलावण्याची वाट पाहणारा माणूस पह्यल्यांदाच पाहून राह्यली मी. जरा पाहू दे मले."

फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. खिडकीतल्या चहावर साय धरत होती.