मुलचेऱ्याच्या वाटेवर पडलेला टीव्ही

चंद्रपूर मागे पडले तेव्हा ऊन नुकतेच चढत होते. आमच्या जीपमागे ट्रेलर होता: दोन पलंग, एक शेगडी आणि भिंतीवर टीव्ही, एवढाच संसार असलेली चाकांवरची खोली. माझ्या नवऱ्याला, सुधाकरला, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. त्याला उजवा हात अजून नीट उचलता येत नाही, फार चालवतही नाही. म्हणून जंगल बघायचे तर खोलीच सोबत न्यावी, असे ठरवले. गाडी मी चालवत होते. टीव्ही त्याने निघण्यापूर्वी नाशिकला घरी स्वतः, डाव्या हाताने बसवला होता. जन्मभर कारखान्यात वायरमन होता तो. "झाला बघ," म्हणाला, तेव्हा मी "छान" म्हणाले. हात लावूनही पाहिला नाही.

गोंडपिपरी, आष्टी करत आम्ही मुलचेऱ्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना साग, मध्येच कापणी झालेली धानाची शेते आणि बोड्या (शेतातली लहान तळी). समोरून सूरजागडच्या खाणीतले लोहखनिज घेऊन येणाऱ्या ट्रकला वाट देताना आमचे एक चाक डांबरावरून खाली उतरले आणि मागे धाडकन आवाज झाला. ट्रेलरचे दार उघडले, तर टीव्ही पलंगावर पालथा. भिंतीतून उपटलेले चारही स्क्रू त्याच्या लोखंडी पट्टीत तसेच लटकत होते. गादीमुळे काच तेवढी वाचली.

सुधाकरने स्क्रूंकडे पाहिले. "देऊन टाकू कुणाला तरी," म्हणाला. "आणि पुढे जाऊन तरी काय करायचंय? घरी चल."

मी गाडी पुढच्या गावात नेली आणि सुताराची चौकशी केली. मुलचेऱ्याभोवती बंगाली निर्वासितांची गावे वसली आहेत. त्यांतल्या एका अंगणात निताईभाऊ नावाचे सुतार रंधा मारत बसले होते. जन्म इथलाच, त्यामुळे बोलीही इथलीच. ते ट्रेलरमध्ये आले आणि बोटांनी भिंत वाजवत फिरले.

"हा कोनं लावला होता, भाऊ?"

"मी," सुधाकर म्हणाला.

"चुकले तुम्ही. हे आतून पोकळ हाये. स्क्रू कशाले धरतीन?"

आजारपणानंतर कुणीच त्याच्याशी असे बोलले नव्हते. सुधाकर मात्र पुढे सरकला.

"मग धरायचं कशात?"

"आतमंदी लाकडाचे उभे पट्टे हायेत. दोन पट्ट्यांवर आडवी सागाची फळी ठोकू. फळीवर टीव्ही." त्यांनी ड्रिल टेकवले.

"थांबा. तिथं आत वायर आहे. मीच टाकलीय. चार बोटं खाली घ्या."

निताईभाऊंनी ड्रिल खाली घेतले आणि कानावरची पेन्सिल सुधाकरला दिली. "मंग खुणा तुम्हीच करा. मले आतलं काय ठाऊक नाई."

पहिली रेघ तिरपी आली. निताईभाऊंनी तसे सांगितले. सुधाकरने ती अंगठ्याने पुसली आणि पुन्हा ओढली. फळी बसल्यावर निताईभाऊ तिला दोन्ही हातांनी लोंबकळले.

"आता हालत नाई. पन गाडी चालतानी टीव्ही काढून पलंगावर ठेवत जा. मुक्कामाले लावा."

त्यांच्या बायकोने आम्हाला भात आणि माशाचा झोल (पातळ रस्सा) वाढला. जेवणभर सुधाकर आणि निताईभाऊ लाकडाबद्दलच बोलत होते. घरी परतायचा विषय सुधाकरने पुन्हा काढला नाही.

पुढे तीन दिवस आम्ही जंगलाच्या कडेने राहिलो. टीव्ही फारसा लावलाच नाही.

परतताना मी विचार करत होते. तीन वर्षे मी सुधाकरच्या प्रत्येक कामाला 'छान' म्हणत आले. मला वाटे, मी त्याला जपते आहे. खरे तर त्याच्या हातून नीट काम होईल ही अपेक्षाच मी सोडली होती. एका अनोळखी सुताराने ती त्याच्याकडून सहज धरली.

मूल गावाजवळ झाडाखाली गाडी थांबवली. सुधाकरने शेगडीवर चहा केला आणि डाव्या हाताने कप पुढे केला.

"कसा झालाय?"

नेहमीचा शब्द ओठांवर आला होता.

"साखर विसरलास," मी म्हणाले.

त्याने आपल्या कपातला घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि हसत डबा काढायला उठला.