मामांच्या हातावरच्या रेघा

माझ्या बायकोचे मामा डॉक्टरला जितकं घाबरतात, तितकं अख्ख्या पुण्यात कुणी कशालाच घाबरत नसेल. जन्मभर भूमापन खात्यात नकाशे काढलेले मामा धायरीत एकटे राहतात आणि दवाखान्याची पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून चालतात. ताप आला की काढा, पाय मुरगळला की आंबेहळद. मी काही बोललोच तर म्हणतात, "जावईबापू, डॉक्टरकडे गेलं की काहीतरी निघतंच. मग जायचं कशाला?"

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या तर्जनीला नखुरडं झालं. मामांनी लिंबाला भोक पाडून बोट त्यात खुपसलं आणि त्याच थाटात भाजी आणायला गेले. रोज नवं लिंबू. मी फोनवर विचारायचो, "काय मामा, सरबत झालं का?" ते म्हणायचे, "ठणका आहे, पण मी नोंद ठेवतोय." पाचव्या दिवशी फोन उचलला नाही, तेव्हा मात्र स्कूटर काढून धायरी गाठली. मामा खुर्चीत तापाने फणफणलेले, बोट सुजून वांग्याएवढं. बोटापासून लाल पट्टा हातावर चढत गेला होता, आणि रोज सकाळी तो जिथवर पोचला तिथे मामांनी बॉलपेनने सरळ रेघ मारून वेळ लिहिली होती! शेवटची रेघ कोपराजवळ होती.

"अहो मामा, हे रोज दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं, म्हणून तर गेलो नाही कुणाकडे."

रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. वाटभर ते माझा दंड घट्ट धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी बाही वर सारली, तर कोपराच्याही वर आणखी एक रेघ. तुटक, वेळ न लिहिलेली.

"ही कसली हो, आजोबा?"

मामा फरशीकडे बघत म्हणाले, "इथून कापाल, असं धरून चाललो होतो."

बाई हसल्या नाहीत. "पू काढू, सलाईनमधून औषध देऊ. हात कापायचा नाहीये. पण आणखी दोन दिवस लिंबं लावली असतीत, तर मी असं म्हणू शकले नसते." आणि बोटाला हात लावण्याआधी त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने ती वरची रेघ पुसून टाकली.

बोट वाचलं. पण ती तुटक रेघ हातावर घेऊन मामा किती दिवस त्या घरात एकटे बसले होते, हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. मी तेव्हा फोनवर सरबताचे विनोद करत होतो.