सोन्याचं कासव

माझी मावशी जुने सोफे नव्यानं शिवून देते. कुठलाही सोफा दुकानात आला, की टाके उसवायच्या आधी ती त्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घालते. निघतात हेअरपिना, तिला हवं असतं सोन्याचं कासव! तिच्या आणि आईच्या लहानपणी टीव्हीवरच्या एका कार्टूनचे पत्ते मिळायचे, त्यातलं सगळ्यांत भारी. पुढे कार्टून संपलं, पत्ते छापणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला. आमच्या घरानं नाही! आई आणि मावशी अजून खेळतात, आणि कासव हरवल्यापासून मावशी हरतेच आहे.

काल ती हातात कात्री तशीच घेऊन धापा टाकत आमच्या दारात आली. "ताई, कासव सापडलं!"

मी उड्याच मारायला लागले. "कुठल्या सोफ्यात गं?"

"तुमच्याच की! ताईनं माहेराहून आणलेल्या त्या..." मावशी एकदम थबकली.

आम्ही दोघींनी आईकडे पाहिलं. आईनं कपाळावर हात मारला. "शिवायला देताना काढून ठेवायचं राहूनच गेलं बघ."

"चोट्टे!" मावशीनं तिथंच फतकल मारली. "पिस पत्ते! आज तुझी खैर नाही."