सत्यनारायणाच्या कलशातला सेंट

दोनशे वर्षांत कोणी घासली नाही हाच जिचा मोठा गुण, अशी वस्तू घरात असताना सासूबाईंना कुवेतला बोलावू नये. मी बोलावलं.

मला जुनी अमेरिकन तांब्याची नाणी जमवायचा नाद आहे. (रिफायनरीत दिवसभर पाइप तपासणाऱ्या माणसाला काहीतरी हवंच!) त्यातलं मानाचं नाणं म्हणजे मोकळ्या केसांच्या बाईचं चित्र असलेला मोठा सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. काळपट, तपकिरी, अस्सल! हा काळपटपणा गेला की किंमतही गेली, असा या छंदातला पहिला नियम आहे.

त्या शुक्रवारी कुवेतच्या मंगफ भागातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण होता. नाण्यांतले दर्दी मुकादमभाई, मूळचे रत्नागिरीचे, प्रसादाला येऊन सेंट पारखणार होते. बायकोने, म्हणजे सुनीताने, आधीच बजावलं होतं, "खरा निघाला तर हॉलमधलं कपाट तुझ्या नाण्यांना. खोटा निघाला तर सगळे अल्बम बाल्कनीत!" (जुलैतल्या मंगफच्या बाल्कनीत अल्बमच काय, पापडसुद्धा भाजून निघतात.) म्हणून मी सेंट सकाळीच टेबलावर काढून ठेवला.

पूजा सुरू झाली. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते.

"कलशात तांब्याचं नाणं घाला."

"घातलंय!" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी टेबलावर काढून ठेवलं होतं. काळं पडलेलं हो! चिंच-मीठ लावून लख्ख केलं."

माझ्या हातातली पळी ताम्हनात पडली. मी कलशाकडे झेपावलो.

"कलशाला हात लावू नका!" गुरुजी पुण्याहून ओरडले.

पाचही अध्याय मी मांडी घालून ऐकले. कथेतल्या व्यापाऱ्याचं धन नाहीसं झालं तेव्हा तर मला हुंदकाच आला. सासूबाईंना ती भक्ती वाटली.

आरतीनंतर कलश हलवला. शिऱ्याची वाटी बाजूला ठेवून मुकादमभाईंनी ओलं, चकचकीत नाणं भिंगाखाली धरलं. माझा धीर सुटला आणि जन्मात पहिल्यांदा मी सासूबाईंवर आवाज चढवला.

"आई, तुम्ही दोनशे वर्षं धुऊन टाकलीत!"

"कसली दोनशे वर्षं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "अहो, जन्मभर तांब्याची भांडी घासतेय मी. तांबं घासलं की लालसर होतं, हे पिवळं झालं. पितळ आहे ते. पण पूजेच्या ऐन वेळी दुसरं कुठून आणू?"

मुकादमभाईंनी भिंग खाली ठेवलं.

"काकी बराबर बोलतायत. नक्कल हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनीताने बाल्कनीचं दार उघडलं. तेवढ्यात मुकादमभाईंनी इकडेतिकडे बघत खिशातून एक लहानसं पाकीट काढलं. त्यातही एक काळपट सेंट!

"काकी, माजापन एक बघाल काय? मला पयल्यापासून शंका हाय."

सासूबाईंनी पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, उभे काय राहिलात? चिंच भिजत घाला!"

अकरा वर्षांच्या अभ्यासानंतर या क्षेत्रात मला मिळालेलं हे पहिलंच काम.