तोग्बे काय म्हणाले

शनिवार, १४ सप्टेंबर २०१९. सकाळी ढग, दुपारी कडक ऊन. नदीकाठी मांडव घातला. अक्राहून विद्यापीठाची माणसं आली; दोन मोटारी, मोठमोठे भोंगे. दोत्से सकाळीच येऊन डोळे पुसून गेला. संध्याकाळचा कार्यक्रम लांबला.

वहीत एवढंच आहे. बाकीचं आता लिहिते, कारण दोत्सेबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि तो स्वतः लिहायला बसला तर गावातला कागद संपेल.

दोत्से आमच्या शेजारच्या घरात वाढला. मला तो दावी म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. लहानपणी आमची कोंबडी त्यांच्या अंगणात आली आहे एवढंच सांगायला यायचा, पण सुरुवात कोंबडीच्या आजीपासून करायचा. माझी आई म्हणायची, "हा पोरगा एक तर वकील होईल, नाहीतर मार खाईल." तो त्सियामी झाला.

आमचे तोग्बे, म्हणजे गावचे प्रमुख, चारचौघांत थेट बोलत नाहीत. ते त्सियामीच्या कानाशी लागून सांगतात आणि त्सियामी हातातली काठी टेकून ते लोकांना ऐकवतो. दोत्सेच्या काठीच्या टोकाला सोनेरी मगर आहे. ती काठी त्याने इतकी वर्षं धरली आहे की मगरीचं नाक झिजलं.

तोग्बे अहियाबोर फार मोठे वक्ते आहेत, अशी त्यांची नदीच्या दोन्ही काठांवर ख्याती आहे. ती ख्याती कशी झाली ते जवळ बसणाऱ्यांनाच माहीत आहे. माझे यजमान गेले तेव्हा तोग्बे भेटायला आले. मी अगदी शेजारी बसले होते. तोग्बे दोत्सेकडे झुकले आणि पुटपुटले, "ऊन फार आहे. आटप लवकर." दोत्से उभा राहिला आणि म्हणाला, "तोग्बे म्हणतात, आज सूर्यालासुद्धा या घरावरून पाय काढवत नाही." मी खरं काय ते ऐकलं होतं, तरी मला रडू आलं. अजूनही त्या दिवसाची आठवण आली की मला दोत्सेचंच वाक्य आठवतं.

तर त्या शनिवारी विद्यापीठाच्या मिस लारिया यांचा कार्यक्रम होता. आमू नदीच्या, म्हणजे घानाच्या नकाशावरच्या व्होल्टाच्या, काठाने गावोगाव जायचं, लोकांना बसवायचं आणि विचारायचं की ही नदी तुमच्यासाठी काय आहे. गाणी, गोष्टी, नवस, भांडणं, सगळं ऐकायचं आणि आवाज साठवून ठेवायचे. बाई गोड होत्या, मेहनती होत्या. फक्त त्यांना तोग्बेंचा अस्सल आवाज हवा होता, मध्ये दुसरं कुणी नको होतं. तोग्बेंचा भाचा सेलोर्म पंचमंडळाचा चिटणीस आहे. त्याने ही कल्पना उचलून धरली. तोग्बेंच्या वस्त्राला बटणाएवढा माईक लावायचा. जमलं तर पुढेही तेच चालू ठेवायचं, आणि काठी भिंतीवर टांगायची.

"दावी, सेलोर्म मला म्हणाला, काका, तुम्ही नुसते बसा. फोटोत बरं दिसतं." दोत्से माझ्या ओट्यावर बसून सांगत होता. "फोटोत! माझ्या बापाने या काठीपायी दोन बायकांशी भांडण काढलं. आणि मी फोटोत!"

"तोग्बे काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? ते म्हणाले, जेवण आहे का."

"आणि तू ते काय सांगितलंस?"

"सांगितलं की तोग्बेंना पाहुण्यांच्या पोटाची काळजी आहे." आणि त्याने डोळे पुसले.

संध्याकाळी सगळं गाव मांडवात. आधी नदीला मद्य वाहून झालं. ते एका म्हाताऱ्याने इतकं हात राखून वाहिलं की बाटलीत बरंच उरलं. पहिल्या रांगेत होडीवाला गामेली निळा झगा घालून बसला होता. तोग्बेंच्या एका बाजूला मिस लारिया, दुसऱ्या बाजूला दोत्से, काठी सरळ, तोंड मिटलेलं. बटण तोग्बेंच्या छातीवर होतं. ते ऐकू शकतं हे त्यांना दोनदा समजावलं होतं, पण त्यांना तो बिल्ला वाटला असावा.

मिस लारियांनी विचारलं, "तोग्बे, ही नदी तुमच्यासाठी काय आहे?"

तोग्बे सवयीप्रमाणे दोत्सेच्या कानाकडे झुकले. चारही भोंग्यांतून आवाज आला, "काय आहे म्हणजे? पाणी आहे. या पोरीला दिसत नाही का?"

मागच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. दोत्से समोर बघत राहिला. तोग्बे वाट बघत होते. वाट बघून वैतागले, त्यांनी त्याला कोपर मारलं, आणि भोंगे पुन्हा बोलले, "अरे बोल की, झोपलास का? आणि तो गामेली बघ, कसा नवरदेवासारखा पुढे बसलाय. माझ्या बायकोच्या वाफ्याच्या काठ्या रात्री सरकवतो, चोर कुठला."

वाफा म्हणजे नदीच्या तळावरचा. आमच्या बायका नदीच्या खालच्या अंगाला तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचतात आणि लहान असतील त्या आपापल्या वाफ्यात सोडून मोठ्या करतात. हद्द म्हणून पाण्यात काठ्या रोवलेल्या असतात. काठी हातभर सरकली की आतल्या तिसऱ्याही सरकतात, एका बाईच्या टोपलीतून दुसरीच्या टोपलीत. गामेलीबद्दल सगळ्यांना संशय होता. पाहिलं कुणीच नव्हतं.

गामेली उठला. "ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत ना? तोग्बेंनी मला चोर म्हटलं! पुरावा द्या, नाहीतर मेंढी द्या, आणि इथेच माफी मागा!"

आमच्यात प्रमुखाने बिनपुराव्याने कुणाला चोर म्हटलं तर मेंढी द्यावीच लागते, आणि ज्या प्रमुखाने गावासमोर माफी मागितली त्याचं पुढे कुणी मनावर घेत नाही. तोग्बे एकदम म्हातारे दिसू लागले. सेलोर्म बटण काढायला धावला, पण ते वस्त्राच्या घडीत अडकलं होतं.

तेव्हा मासे धुरवणारी म्हातारी आफेली बसल्या जागेवरून म्हणाली, "काय ऐकलं रे गामेली?"

"आजी, चोर म्हणाले! भोंग्यातून!"

"तोग्बे अजून बोललेच नाहीत. त्सियामीने तोंड उघडलंय का?"

"अहो, पण आवाज पलीकडच्या काठावर गेला!"

"भोंगा आमचा त्सियामी आहे का? त्याच्या हातात काठी कुठे आहे?" ती मागे वळली. "कुणी ऐकलं का गं काही?"

"नाही बाई," मागून सगळ्या म्हणाल्या. "आम्ही तर वाट बघतोय." मीही तेच म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले. त्सियामीने सांगेपर्यंत प्रमुखांचा शब्द हा शब्दच नसतो; हे आम्ही आईच्या पाठीवर असतानाच शिकलेलो असतो.

आता सगळं दोत्सेवर आलं. तो हलला नाही.

सेलोर्म त्याच्या कानाशी वाकला. बटण तिथून हातभर अंतरावर होतं, त्यामुळे तेही गावाने ऐकलं. "काका, उठा ना."

"मी? मी फोटो आहे."

"काका, पाया पडतो."

"फोटोच्या पाया कोण पडतं?"

"काठी तुमचीच. कायमची. उठा हो!"

दोत्से उठला. खांद्यावरचं वस्त्र नीट केलं, मग परत नीट केलं. काठी टेकली.

"तोग्बे म्हणतात, पोरी, तू विचारलंस नदी काय आहे. नदी पाणी आहे. जमिनीवर रेघ मारली तर नातू येऊन बघतो. पाण्यावर रेघ मारायची तर काठी लागते, आणि काठीवर विश्वास लागतो. वर धरण झाल्यापासून पूर येत नाही, तरी पाणी रात्री काय काय हलवतं ते पाण्यालाच ठाऊक. तोग्बेंच्या घरच्या काठ्या सरकल्या आहेत. म्हणून तोग्बेंनी गामेलीला आज पहिल्या रांगेत बसवलं. पाण्याची अशी जाण दुसऱ्या कुणाला आहे? उद्या सकाळी, सगळ्या बायकांसमोर, तो काठ्या जिथे होत्या तिथे रोवून देईल. आधी कुठे होत्या हे त्याच्याइतकं नेमकं कुणाला माहीत नाही."

टाळ्या पडल्या. बायकांनी तर उभं राहून वाजवल्या. गामेली उभाच होता. मेंढी मागावी तर कशाबद्दल? त्याने झग्याच्या बाह्या ओढल्या, "तोग्बेंचा मान आहे," म्हणाला आणि बसला. दुसऱ्या दिवशी त्याने काठ्या रोवल्या, आणि अगदी बरोबर रोवल्या.

मिस लारियांनी हळूच विचारलं, "हे सगळं तोग्बे म्हणाले?"

"शब्दन् शब्द," दोत्से म्हणाला.

भोंग्यांतून तोग्बेंचा आवाज आला, "मी असं म्हणालो? चांगलं म्हणालो की!"

यावर कुणीही हसलं नाही, कारण कुणी ऐकलंच नव्हतं. मग कात्री आणून बटण सोडवलं आणि ते दोत्सेच्या वस्त्राला लावलं. मिस लारियांनी आणखी एकच प्रश्न विचारला, नदीचं नाव आमू कसं पडलं. तोग्बे म्हणाले, "मला काय माहीत?" दोत्सेचं उत्तर अंधार पडेपर्यंत चाललं. जेवण थंड झालं.

घरी आल्यावर त्या दिवसाच्या नोंदीखाली मी आणखी एक ओळ लिहिली: दोत्सेचा घसा बसला, त्याच्या बायकोला आलं आणि मध दिला, मधाची बाटली निम्मी उरली आहे.