कोपराखालचा फॉर्म

दुबईतल्या एका कंपनीसाठी परळच्या ऑफिसात मी माणसं निवडायचो. एकदा काळाचौकीहून पन्नाशीचे एक वेल्डर आले. आखातात वीस वर्षं काढलेली. पंच्यात गुंडाळलेलं स्वतःचं वेल्डिंगचं हेल्मेट मांडीवर घेऊन समोर बसून राहिले, कारण मी दुबईतच राहणाऱ्या एका गोऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. त्याला नवी नोकरी हवी होती. सर, सर करत मी त्याला सुपरवायझर नेमून टाकलं. टेस्टबिस्ट काही नाही.

मग यांच्याकडे वळून म्हणालो, “चल, टेस्ट दे.”

मागच्या शेडमध्ये त्यांनी मारलेला जोड सुतासारखा सरळ होता. पंच्याने हात पुसत ते म्हणाले, “साहेब, त्यांना काय काय येत नाही तेवढं विचारून ठेवा. तिथे आम्हालाच शिकवावं लागतं.”

गोऱ्याचं नाव मला अजून पाठ आहे. यांचा फॉर्म कॉलभर माझ्या कोपराखाली होता. त्यावरचं नाव मी वाचलंच नव्हतं.