वर चढणारी तार, खाली उतरणारा सूर

डिचोलीत खनिजाचे ट्रक धावत होते तोवर गोकुळदासांच्या कानाला मान होता. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून बिघाड सांगायचा, ही त्यांची पद्धत. ते म्हणतील तिथेच इंजिन खोलले जाई. मग खाणी थांबल्या, ट्रक गेले आणि कान तेवढा घरी राहिला. घरात त्याला कोण विचारतो? टीव्ही फार मोठ्याने लावतात म्हणून बायको विनोदिनीने त्यांना म्हापशाला नेऊन कान तपासून आणले. वरचे बारीक आवाज यांना ऐकू येत नाहीत, असा अहवाल आला. चाळीस वर्षे इंजिनापाशी उभे राहिल्याचे हे बक्षीस विनोदिनीने फ्रिजवर चिकटवून ठेवले.

मुलगा प्रज्योत तुयेच्या कारखान्यात नोकरीला, आणि रविवारी मोरजीच्या एका हॉटेलात गिटार वाजवी. जुन्या अॅम्प्लिफायरचा फाटका, करकरीत आवाज तो लॅपटॉपमधल्या एका प्रोग्रॅममधून काढायचा. एकदा सराव करताना त्याने बारीक तार बोटाने ताणून सूर वर नेला, तसे गोकुळदास पेपर टाकून उठले.

"तू वर चढतंस, मगे खाली कोण उतरता?"

"कोण नाय बाबा. तुमका भास होता." प्रज्योतने फ्रिजकडे बोट दाखवले.

हे त्यांना फार लागले. त्यांनी माळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला, स्पीकरच्या खोक्याला लावला आणि सगळे स्क्रू ढिले असल्याचा निकाल दिला. प्रज्योतने वैतागून एकूण एक स्क्रू आवळले. बाबांच्या कानाला सूर उतरतच राहिला. शेवटी बाबांचे तोंड बंद करावे म्हणून त्याने हेडफोन लावून नीट ऐकले, आणि त्याचेच तोंड बंद झाले. तार वर जात होती आणि तिच्याखाली एक हलकी शिट्टी उलटी घसरत होती. मोरजीला कित्येक रविवार त्याने लोकांना हेच ऐकवले होते.

लॅपटॉपवर ताण येऊन तो अडखळू नये म्हणून त्याने प्रोग्रॅममधले ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आवाजाला आत जास्तीची जागा देणारी सोय, बंद ठेवले होते. बापाला ते ट्रकच्या भाषेत सांगावे लागले.

"हौद्यात मावता त्याच्यापरास जास्त भरलास तर माल रस्त्यार सांडता मू? तसाच. आवाज फाडलो की खूप वरचे सूर तयार होतत. ते मावनत नाय, खाली पडतत, भलत्याच जाग्यार. आता हौदो चौपट केलंय. जास्तीचा आतच गाळून टाकूचा, मगे भायर सोडूचा."

"पण माका कसा ऐकाक इला?"

"वरचे तुमका ऐकाक येनत नाय. पण पडले ते तुमच्या कानाच्या टप्प्यात."

म्हणजे अहवालही खरा आणि गोकुळदासही खरे. विनोदिनीला हा न्याय मुळीच पटला नाही.

प्रज्योतने तार पुन्हा ताणली. "बाबा, आता बरा आसा?"

आयुष्यात पहिल्यांदा मुलगा त्यांना विचारत होता. गोकुळदासांनी स्क्रूड्रायव्हर खोक्याला टेकवला, डोळे मिटले. काहीच नव्हते. बिघाड गेला होता, की कान? त्यांना भीती वाटली.

"ता एकदा परत बिघडव बघू," ते हळूच म्हणाले. "माका अजून ऐकाक येता काय, ता बघूचा आसा."